दूरच्या बेटांवरचे दुर्मिळ पक्षी आणि टपाल तिकिटे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातल्या खेड्यापाड्यांतील शाळांमध्ये आणि सार्वजनिक वाचनालयांमध्ये तिकिटांचा संग्रह मांडला, की विद्यार्थी, त्यांचे गुरुजी आणि पूर्वी कधीतरी हा छंद जोपासलेली घरातली वडीलधारी मंडळी जे प्रश्न हमखास विचारतात, ते येथे उत्तरांसह दिले आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण ते प्रश्नच तसे आहेत.

आमच्या गावापासून समुद्र सातआठशे किलोमीटर दूर आहे. मग बेटांवरच्या पक्ष्यांचा विषय आम्ही का निवडावा?

नवीन संग्राहक बहुधा 'पक्षी' एवढाच विषय धरतो आणि दोन वर्षांत गोंधळून जातो, कारण जगातल्या जवळजवळ प्रत्येक देशाने पक्ष्यांची तिकिटे काढलेली आहेत आणि त्या पसाऱ्याला शेवट नाही. दूरच्या बेटांचा विषय मुळातच आखलेला असतो. एक बेट, त्यावरच आढळणारा एखादा पक्षी आणि त्या पक्ष्याचे आजवर काय झाले, एवढ्यावर संग्रहाचे एक पान उत्तम उभे राहते.

दुसरे कारण आपल्या शिवारात आहे. बेटांवरचे हे पक्षी आपल्याला अगदीच परके नाहीत. हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांच्या तिकिटांवर दिसणारा काळा पक्षी हा आपल्या अंगणातल्या दयाळाचा भाऊबंद आहे. तिथल्या ला डिग बेटावरचा लांब शेपटीचा काळा नर्तक हा मेळघाटात आणि ताडोबात दिसणाऱ्या पांढऱ्याशुभ्र स्वर्गीय नर्तकाच्या कुळातला आहे, आणि मॉरिशसचा हिरवा पोपट आपल्या तुरीवर व ज्वारीच्या कणसांवर उतरणाऱ्या पोपटाचा जवळचा नातलग आहे. तलावाच्या काठी पाणकोंबडी पाहिलेल्या मुलाला, उडणे पार सोडून दिलेल्या बेटावरच्या पाणकोंबडीचे आश्चर्य शहरातल्या मुलापेक्षा लवकर कळते, असा माझा अनुभव आहे.

बेटावर दिसणारा कोणताही पक्षी या विषयात चालेल का?

चालणार नाही. जो पक्षी त्या बेटावर किंवा त्या द्वीपसमूहातच आढळतो, म्हणजे जो तिथला प्रदेशनिष्ठ आहे, तोच घ्यावा. अनेक समुद्रपक्षी शेकडो बेटांवर घरटी करतात. त्यांची तिकिटे सुंदर असतात, पण ती या संग्रहात घेतली की विषयाची धार जाते. दक्षिण अटलांटिक महासागरातल्या असेन्शन बेटाच्या फ्रिगेट पक्ष्यासारखा, ज्याची वीण केवळ त्या एका बेटापाशी होते, असा समुद्रपक्षी मात्र अवश्य घ्यावा.

बेटांवरचेच पक्षी इतक्या मोठ्या प्रमाणात दुर्मिळ किंवा नामशेष का झाले?

खोल समुद्रातून ज्वालामुखीमुळे वर आलेल्या बेटांवर उंदीर, मांजर, मुंगूस, कुत्रा असे जमिनीवरचे सस्तन शिकारी कधी पोहोचलेच नव्हते. वाऱ्यावर भरकटत आलेले थोडे पक्षी तिथे स्थिरावले, आणि शत्रूच नसल्यामुळे हजारो पिढ्यांत त्यांच्यातल्या काहींचे पंख लहान झाले, छातीचे स्नायू आटले आणि घरटी जमिनीवर आली. उडण्यासाठी फार ऊर्जा खर्च होते. ज्याला पळून जायचे नाही, त्याला तो खर्च परवडण्याचे कारण उरत नाही.

दक्षिण अटलांटिक महासागरात, ट्रिस्टन द कुन्हा या द्वीपसमूहात इनअॅक्सेसिबल नावाचे बेट आहे. तिथली पाणकोंबडीच्या कुळातली चिमुकली फटाकडी ही आज जगात हयात असलेला सर्वांत लहान न उडणारा पक्षी मानली जाते. तिचे वजन साधारण ४० ग्रॅम, म्हणजे चिमणीहून थोडेसेच जास्त असते. तिचे शास्त्रीय वर्णन १९२३ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि तिचे पूर्वज सुमारे १५ लाख वर्षांपूर्वी दक्षिण अमेरिकेकडून उडत आले असावेत, असे अलीकडच्या जनुकीय अभ्यासातून पुढे आले आहे. उडत आलेल्या पक्ष्याच्या वंशजांना आज उडता येत नाही, आणि त्या बेटावर अजून उंदीर पोहोचलेला नाही म्हणूनच ते शिल्लक आहेत.

जिथे उंदीर आणि मांजरे जहाजांतून पोहोचली, तिथे काय झाले हे असेन्शन बेटावर दिसते. तिथले फ्रिगेट पक्षी मांजरांच्या भीतीने मुख्य बेट सोडून किनाऱ्याजवळच्या एका खडकाळ सुळक्यावर घरटी करू लागले. प्रयत्नपूर्वक सगळी रानटी मांजरे हटवल्यानंतर २००६ मध्ये बेट मांजरमुक्त जाहीर झाले आणि २०१२ मध्ये हे पक्षी पुन्हा मुख्य बेटावर घरटी करताना आढळले. सगळीकडे असे यश आलेले नाही. त्याच महासागरातल्या गॉफ बेटावर उंदरांच्या लहान जातीने अल्बट्रॉसची जिवंत पिल्ले कुरतडून मारण्यास सुरुवात केली. २०२१ मध्ये त्या उंदरांचा नायनाट करण्यासाठी फार मोठी मोहीम झाली, पण वर्षअखेर तिथे पुन्हा उंदीर दिसला.

एवढीशी बेटे पक्ष्यांची इतकी तिकिटे का काढतात?

कारण तिकीट हे त्यांच्या उत्पन्नाचे साधन आहे. ट्रिस्टन द कुन्हावर सुमारे अडीचशे माणसे राहतात, तिथे विमानतळ नाही आणि केप टाउनहून जहाजाने जायला सुमारे आठवडा लागतो. प्रशांत महासागरातल्या पिटकर्न बेटाची लोकसंख्या तर पन्नासच्या आसपास आहे. तिथली पहिली तिकिटे १९४० मध्ये निघाली आणि त्यांच्या विक्रीच्या पैशातून बेटावर शाळा उभी राहिली. अशा ठिकाणी जगाला दाखवण्यासारखे काय आहे, याचा विचार केला की तिथला पक्षीच पुढे येतो. पिटकर्नच्या तिकिटांवर दिसणारे फळकबुतर आणि न उडणारी फटाकडी हे दोन्ही पक्षी त्याच्या अखत्यारीतल्या, मनुष्यवस्ती नसलेल्या हेंडरसन बेटावरचे आहेत.

येथे ट्रिस्टनची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती मुलांना फार आवडते. त्या बेटाची स्वतःची अधिकृत तिकिटे निघण्याआधी, १९४६ मध्ये पेंग्विनचे चित्र असलेल्या एका तिकिटाचा नमुना तयार झाला होता आणि त्यावर एक पेनी या किमतीबरोबर 'चार बटाटे' अशीही किंमत छापली होती. बेटावर पैशापेक्षा बटाट्याचा व्यवहार अधिक चाले. अधिकृत तिकिटे पुढे १९५२ मध्ये सेंट हेलेनाच्या तिकिटांवर ट्रिस्टनचे नाव छापून निघाली, आणि १९५४ च्या चित्रमालिकेत पाच शिलिंगांच्या तिकिटावर ती चिमुकली फटाकडी आली.

संग्रहाची सुरुवात कोणत्या तिकिटांपासून करावी?

जुनी तिकिटे महाग असली तरी त्यांची माहिती आधी असावी. न्यूझीलंडने १८९८ मध्ये निसर्गचित्रांची जी मालिका काढली, तिच्यातले तीन पेन्सचे तिकीट मी प्रत्येक विद्यार्थ्याला निदान चित्रात तरी दाखवतो. पिवळसर तपकिरी रंगाच्या त्या तिकिटावर हुइया हा पक्षी आहे. काळाभोर देह आणि शेपटीच्या टोकाला पांढरी पट्टी असलेल्या या पक्ष्यात नराची चोच आखूड व मजबूत, तर मादीची लांब आणि बाकदार असे. चोचीच्या आकारात नर-मादीचा इतका मोठा फरक फार थोड्या पक्ष्यांत आढळला आहे. तिकीट छापले गेले तेव्हा हुइया जंगलात जिवंत होता. जंगले तुटत होती, संग्रहालयांसाठी पक्षी मारले जात होते, आणि १९०१ मध्ये ब्रिटिश राजपुत्राने न्यूझीलंडच्या भेटीत हॅटमध्ये हुइयाचे पीस खोवल्यानंतर त्या पिसांची मागणी एकदम वाढली. २८ डिसेंबर १९०७ नंतर हा पक्षी खात्रीने कोणालाही दिसलेला नाही. तिकीट निघाल्यापासून दहा वर्षेही झाली नव्हती.

त्याच्या शेजारी न्यू कॅलेडोनियाचे १९०५ चे काग्यूचे तिकीट ठेवावे. राखाडी रंगाचा, डोक्यावर तुरा असलेला आणि जवळजवळ न उडणारा हा पक्षी आजही हयात आहे, मात्र मोकाट कुत्र्यांचा धोका त्याला कायम आहे. दोन्ही तिकिटांमध्ये अवघ्या सात वर्षांचे अंतर आहे आणि एक पक्षी गेला, दुसरा राहिला. संग्रहाचा विषय काय आहे, हे या जोडीवरून कोणालाही समजते. नवी तिकिटे घ्यायची असतील तर मॉरिशस, सेशेल्स, सेंट हेलेना आणि नॉरफोक बेट यांच्यापासून आरंभ करावा. त्यांची बरीच तिकिटे अल्प किमतीत मिळतात.

नामशेष झालेले पक्षी संग्रहात ठेवावेत का?

ठेवावेत, पण जिवंत पक्ष्यांच्या पानात मिसळू नयेत. डोडोची तिकिटे सहज मिळतात म्हणून मुले तीच आधी जमवतात. डोडो खात्रीने पाहिल्याची शेवटची नोंद साधारणपणे १६६२ ची मानली जाते आणि मॉरिशसने त्याला १९५० च्या मालिकेत तिकिटावर आणले, म्हणजे ते चित्र जुन्या रेखाटनांवरून आणि हाडांवरून काढलेले आहे. तिकिटाखालच्या टिपणीत हा फरक स्पष्ट लिहावा.

पक्ष्याचे चित्र तिकिटावर आले की तो वाचतो का?

हा प्रश्न आठवीतल्या एका मुलीने विचारला होता आणि मला तो या सगळ्यांत मोलाचा वाटतो. तिकीट छापल्याने पक्षी वाचत नाही. हुइया वाचला नाही. पक्षी वाचतो तो त्याच्यासाठी वर्षानुवर्षे झाडावर चढणाऱ्या, अंडी उबवणाऱ्या आणि उंदीर पकडणाऱ्या माणसांमुळे. तिकीट एवढेच करते, की त्या त्या वर्षी तो पक्षी कोणत्या अवस्थेत होता याची तारीखवार खूण ठेवते.

मॉरिशसची १९६५ ची पक्ष्यांची मालिका यासाठी बारकाईने पाहावी. त्या एकाच मालिकेत डोडो आणि लाल पाणकोंबडी हे केव्हाच संपलेले पक्षी आहेत, आणि त्यांच्याच रांगेत मॉरिशसचा केस्ट्रेल जातीचा छोटा ससाणा, गुलाबी कबूतर व हिरवा पोपट हे तेव्हा जिवंत असलेले, पण झपाट्याने घटत चाललेले पक्षी आहेत. त्या तिकिटांनंतर नऊ वर्षांनी, १९७४ मध्ये, रानात केस्ट्रेलचे केवळ चार पक्षी उरल्याचे माहीत होते आणि त्यांत वीण करणारी मादी एकच होती. जंगलतोड, डीडीटी या कीटकनाशकाची फवारणी आणि माणसाने आणलेली माकडे, मुंगसे व उंदीर यांनी मिळून त्याला तिथवर आणले होते. मालिकेतल्या डोडोच्या बाजूला जाण्यास त्याला फारसा अवधी उरला नव्हता.

पुढे पक्षी-संवर्धक कार्ल जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे केले, त्यातली युक्ती कुक्कुटपालन करणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला चटकन कळेल. घरट्यातली पहिली अंडी काढून घेतली, की मादी पुन्हा अंडी घालते. काढलेली अंडी यंत्रात उबवायची, पिल्ले हाताने वाढवायची आणि मोठी झाल्यावर रानात सोडून काही काळ त्यांना वरून अन्न पुरवायचे. अशा कामातून या ससाण्याची संख्या काही शेकड्यांवर गेली. गुलाबी कबूतर १९९० च्या सुमारास दहाच्या आसपास उरले होते, तेही आज काही शे आहेत, आणि पोपटही तसाच सावरला. गुलाबी कबुतराची चार तिकिटे मॉरिशसने १९८५ मध्ये जागतिक वन्यजीव निधी (डब्ल्यूडब्ल्यूएफ) या संस्थेच्या पांडाच्या बोधचिन्हासह काढली. निसर्गसंवर्धनासाठीच्या त्या जागतिक तिकीट-उपक्रमाला १९८३ मध्ये सुरुवात झाली होती आणि त्यातली बेटांवरच्या पक्ष्यांची चार-चार तिकिटांचे संच नव्या संग्राहकासाठी फार सोयीचे असतात.

न्यूझीलंडच्या पूर्वेला सुमारे ८०० किलोमीटरवर चॅटम बेटे आहेत. तिथल्या काळ्या रॉबिनचे १९८० मध्ये जगात पाच पक्षी उरले होते. त्यांत अंडी घालून वंश चालवू शकलेली मादी एकच, तिला 'ओल्ड ब्लू' म्हणत. पक्षी-संवर्धक डॉन मर्टन यांच्या गटाने तिची अंडी दुसऱ्या जातीच्या लहान पक्ष्यांच्या घरट्यांत ठेवून वाढवून घेतली, आणि आज जे दोनशेहून अधिक काळे रॉबिन आहेत ते सगळे तिचे आणि तिच्या एका जोडीदाराचे वंशज आहेत. या पक्ष्याचे तिकीट हाती आले, की त्याखाली १९८० आणि पाच हे दोन आकडे लिहिल्याशिवाय ते अल्बममध्ये लावू नये, असे मी आग्रहाने सांगतो.

बर्म्युडाचा काहाउ हा समुद्रपक्षी तर तीन शतकांहून अधिक काळ नामशेष समजला जात होता आणि १९५१ मध्ये काही खडकाळ बेटांवर त्याच्या मोजक्या जोड्या पुन्हा सापडल्या. सेशेल्सचा दयाळ १९६० च्या दशकात एकट्या फ्रेगेट बेटावर पंधराच्या आसपास उरला होता. उंदीर नसलेल्या इतर बेटांवर त्याला नेऊन वसवल्यावर तो वाढला. सेंट हेलेनाचा चिखल्या, जो त्या बेटाचा आज उरलेला एकमेव प्रदेशनिष्ठ पक्षी आहे, तिथल्या ध्वजावरच्या चिन्हातही आहे.

भारताच्या बेटांवरचे पक्षी यात येतात का?

विषयाच्या दृष्टीने नक्कीच येतात. अंदमानच्या पूर्वेला असलेल्या, जेमतेम सात चौरस किलोमीटरच्या नारकोंडम बेटावरचा धनेश जगात दुसरीकडे कोठेही नाही. निकोबारचा मेगापोड किनाऱ्याजवळ वाळू व पालापाचोळ्याचे ढीग करून त्यांत अंडी घालतो, आणि २००४ च्या त्सुनामीत त्याची असंख्य घरटी वाहून गेली.

विदर्भातल्या पक्ष्याला या संग्रहात जागा देता येईल का?

प्रदर्शनाच्या काटेकोर नियमांत नाही, पण शाळेच्या संग्रहात मी शेवटी एक जोडपान ठेवू देतो. वरोरा-भद्रावती भागातला माळढोक हा जमिनीवरच्या बेटांत अडकलेला पक्षी आहे, कारण गवताळ माळांचे तुकडे पडले, मधल्या जागेत वावरे, रस्ते आणि विजेच्या तारा आल्या, आणि तारांना धडकून मरणे हे त्याच्या घटण्याचे आज मोठे कारण आहे. माळढोकाचे तिकीट भारतीय टपाल खात्याने १९८० मध्ये काढले. रानपिंगळ्याची कथाही सांगण्याजोगी आहे. हे छोटे घुबड १८८४ नंतर ११३ वर्षे कोणाला दिसले नव्हते, ते १९९७ मध्ये खानदेशात शहाद्याजवळ पुन्हा सापडले आणि नंतर आपल्या मेळघाटातही आढळले.

ही तिकिटे गावच्या डाकघरात मिळतात का?

परदेशी तिकिटे मिळत नाहीत, आणि शाखा डाकघरात भारताची विशेष तिकिटेही क्वचितच पोहोचतात. भारतीय तिकिटांसाठी मोठ्या डाकघरातील फिलाटेली (तिकीटसंग्रह) विभागात किमान २०० रुपये भरून ठेव खाते उघडावे, म्हणजे नवीन तिकिटे घरपोच येतात. बेटांची तिकिटे विश्वासू विक्रेत्याकडून किंवा दुसऱ्या संग्राहकाशी अदलाबदल करूनच मिळवावी लागतात. इयत्ता सहावी ते नववीच्या विद्यार्थ्यांसाठी टपाल खात्याची 'दीनदयाळ स्पर्श' ही शिष्यवृत्ती आहे; तिच्यात वर्षाला ६,००० रुपये मिळतात आणि त्यासाठी प्रश्नमंजूषा व तिकिटांवरचा प्रकल्प करावा लागतो. खेड्यातल्या शिक्षकांनी ही योजना मुलांपर्यंत न्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

बनावट तिकीट कसे ओळखावे?

पक्ष्यांच्या विषयात हा धोका मोठा आहे, कारण पक्ष्यांची चित्रे खपतात हे छापणाऱ्यांना ठाऊक आहे. स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळचे स्टाफा हे बेट निर्मनुष्य आहे, तरी त्याच्या नावाने जगभरच्या पक्ष्यांची ढीगभर चिकटचित्रे छापली गेली. ती तिकिटे नव्हेत. जिथे टपालसेवाच नाही, त्या बेटाच्या नावाचे तिकीट विकत घेऊ नये. २००२ पासूनच्या अधिकृत तिकिटांना जागतिक टपाल संघटनेच्या नोंदणी पद्धतीत क्रमांक मिळू लागले. बहुतेक बेटांची नवी तिकिटे त्या नोंदींवरून पडताळता येतात. भेसळीचे पाकीट स्वस्तात मिळते आणि त्यात मूल आपले खाऊचे पैसे घालवते, याचे मला फार वाईट वाटते.

मॉरिशसचे एक जुने तिकीट घरात सापडले. ते कोट्यवधींचे असेल का?

बहुधा नाही. ज्या तिकिटांची ख्याती आहे ती १८४७ ची एक पेनी व दोन पेन्सची आहेत. प्रत्येकी ५०० छापलेल्या त्या तिकिटांपैकी २७ च हयात असल्याची नोंद आहे. त्यांवर पक्षी नाही, राणी व्हिक्टोरिया आहे. पुस्तकांतून कापलेली त्यांची चित्रे मात्र पुष्कळ घरांत सापडतात.

आमच्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात तिकिटे कशी जपावीत?

आपल्याकडच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हापेक्षा कूलरचा ओलावा तिकिटांना जास्त घातक आहे. कूलरच्या झोतात ठेवलेल्या अल्बममधल्या तिकिटांचा डिंक ओलसर होतो आणि ती पानाला चिकटतात. अल्बम कूलर नसलेल्या खोलीत, पत्र्याच्या छताखाली न ठेवता, भिंतीपासून दूर, उभा ठेवावा. पावसाळ्यात त्याच्या डब्यात सिलिका जेलची पुडी टाकावी आणि उघडीप मिळाली की पाने मोकळी करावीत. वाळवी व कसर यांच्यासाठी लाकडी कपाट दर महिन्याला तपासावे. डांबरगोळ्या आणि चिकटपट्टी अल्बमजवळ आणू नयेत.

पाकिटावरचे तिकीट सोडवताना कडेने मोकळा कागद ठेवून कापावे, ताटलीतल्या साध्या पाण्यावर चित्र वर येईल असे तरंगत ठेवावे आणि ते आपोआप सुटेपर्यंत थांबावे. नखाने ओढले की कोपऱ्याचे दाते तुटतात. सुटलेले तिकीट चिमट्याने उचलून कोऱ्या कागदावर पालथे सुकवावे. रंगीत पाकिटाचा तुकडा इतरांबरोबर भिजवू नये, कारण त्याचा रंग सगळ्या तिकिटांना लागतो. अलीकडची स्वयंचिकट तिकिटे बहुधा पाण्याने सुटत नाहीत. ती कागदासकट कापून तशीच ठेवावीत.

तिकिटाखाली काय लिहावे, आणि ते इंग्रजीतच लिहावे लागते का?

शाळेच्या आणि तालुक्याच्या प्रदर्शनात मराठीत लिहावे. देश, तिकीट निघाल्याचे वर्ष आणि छापील किंमत या तीन गोष्टी पहिल्या ओळीत असाव्यात. दुसऱ्या ओळीत पक्षी व बेट यांचे नाव, आणि तिसऱ्या ओळीत तिकीट निघाले तेव्हाची व आजची त्या पक्ष्याची स्थिती लिहावी. हुइयाच्या पानावर एका विद्यार्थ्याने असे लिहिले होते : 'न्यूझीलंड, १८९८, तीन पेन्स. हुइया. तिकीट निघाले तेव्हा जिवंत. १९०७ नंतर दिसला नाही.' त्यात एक शब्दही वाढवण्याची गरज नाही. पक्ष्यांची संख्या लिहिताना ती कोणत्या वर्षाची आहे हे शेजारी नोंदवावे, आणि नवा आकडा कळल्यावर जुना न खोडता त्याखाली लिहावा.